शिकून गेलेला मुलगा आज काय करतो?



दहावी-बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच बोलणे सुरू होते. मुलाला कोठे घालायचे? जवळच्या कृषी विद्यालयात, की तालुक्याच्या कॉलेजात? आपण इमारत पाहतो, फी विचारतो, एस.टी.ची वेळ पाहतो. पण एक प्रश्न विचारायचा राहून जातो. येथून शिकून गेलेली मुले आज काय करतात?

प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तरावर कॉलेजला मिळणारे अनुदान आणि बक्षीसही अवलंबून असते. काही वर्षांपूर्वी एका कृषी विद्यालयातील गुरुजी अनुदानाचा अर्ज घेऊन माझ्याकडे आले. मुलांना ठिबक सिंचन स्वतःच्या हाताने जोडता यावे म्हणून त्यांना साहित्य हवे होते. जमीन होती, विहीर होती, शिकवणारा तळमळीचा होता. अर्जात एक रकाना होता : गेल्या पाच वर्षांतील विद्यार्थी सध्या काय करतात? गुरुजींनी कपाटे धुंडाळली. दाखल्यांची पुस्तके सापडली, पण गेलेल्या मुलांचा ठावठिकाणा कोठेच लिहिलेला नव्हता. आम्ही दोघांनी आठवून आठवून सतरा नावे लिहिली. तेवढ्यात मुदत टळली. त्या वर्षीही मुले फळ्यावरच्या चित्रावरूनच ठिबक शिकली. चूक माझीही होती. त्या विद्यालयात मी वर्षानुवर्षे व्याख्याने द्यायला जात होतो, पण अशी एक वही ठेवा, असे कधी सुचवले नाही.

लहान कॉलेजांना अनुदान कशावर मिळते, हे अमेरिकेतील उदाहरणावरून चांगले कळते. म्हणून ते येथे देतो.

गावकऱ्यांचे कॉलेज

अमेरिकेत दोन वर्षांच्या शिक्षणाची स्थानिक कॉलेजे आहेत. त्यांना कम्युनिटी कॉलेज म्हणतात. म्हणजे त्या भागातील लोकांचे कॉलेज. यातील सर्वांत जुने सरकारी कॉलेज इलिनॉय राज्यात जोलिएट येथे १९०१ साली निघाले. घरी राहून, काम करत येथे शिकता येते. कोणी ट्रॅक्टर दुरुस्ती शिकतो, कोणी परिचारिका होते, तर कोणी दोन वर्षांनी मोठ्या विद्यापीठात जातो.

वॉशिंग्टन राज्यात वाला वाला नावाचा भाग आहे. गहू आणि गोड कांदा ही तेथील प्रसिद्ध पिके. पुढे द्राक्षबागा आणि वाइनचा धंदा वाढला. तेव्हा तेथील कम्युनिटी कॉलेजाने २००० साली द्राक्षशेती आणि वाइननिर्मितीचा अभ्यासक्रम सुरू केला. मुले बागेत राबतात आणि कॉलेजच्याच वाइनरीत वाइन तयार करायला शिकतात. आपल्या भागाला कोणती माणसे लागतात हे पाहून कॉलेजाने शिक्षण आखले.

या कॉलेजाला २०१३ साली अ‍ॅस्पेन पारितोषिक मिळाले. कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा सिटी कॉलेज त्यात बरोबरीचे मानकरी होते. कम्युनिटी कॉलेजांसाठी असलेले हे पारितोषिक २०११ साली सुरू झाले, आणि त्याची एकूण रक्कम १० लाख डॉलर ठेवली होती. परीक्षकांनी नुसती इमारत पाहिली नाही. मुले काय शिकली, किती जणांनी शिक्षण पुरे केले, बाहेर पडल्यावर त्यांना काम आणि पगार काय मिळाला, आणि गरीब घरची मुले मागे तर पडली नाहीत ना, हे तपासले. आपण पीक-स्पर्धेत शेताचा डौल पाहत नाही, वजनकाट्यावरचे उत्पन्न पाहतो. तसाच हा प्रकार.

अनुदान मागण्याचीही विद्या आहे

बक्षीस एखाद्यालाच मिळते. अनुदानाची दारे मात्र अधिक असतात. अमेरिकी संसदेने १९९२ साली कायदा करून तंत्रज्ञ तयार करणाऱ्या शिक्षणाला पैसा देण्याची योजना आणली. ती तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे सोपवली. तिचा भर दोन वर्षांच्या कॉलेजांवर होता, आणि कामाचे पुढारपण तेथील शिक्षकांनी करावे अशी अपेक्षा होती. स्थानिक कारखानदार वा व्यावसायिक बरोबर हवेत, आणि झालेल्या कामाचा पडताळाही व्हायला हवा, असा दंडक होता.

पण लहान कॉलेजातील शिक्षकाला अर्ज लिहिण्याची सवय कोठून असणार? हे ओळखून नवख्या कॉलेजांसाठी लहान अनुदानाचा वेगळा गट ठेवण्यात आला. २०१२ साली आणखी एक उपक्रम निघाला. त्यात पूर्वी अनुदान मिळवलेला अनुभवी शिक्षक नव्या कॉलेजाला हाताशी धरून अर्ज तयार करायला शिकवत असे. चांगला बागायतदार शेजाऱ्याला छाटणी दाखवतो, तसे हे झाले.

शिक्षकाच्या अभ्यासासाठीही पैसा दिला गेला. २०१९ साली एका विद्वत्संस्थेने कम्युनिटी कॉलेजातील निवडक शिक्षकांना प्रत्येकी ४० हजार डॉलरची शिष्यवृत्ती दिली. दिवसभर तास घेणाऱ्या शिक्षकाला स्वतःच्या अभ्यासासाठी उसंत मिळावी, हा हेतू. शिक्षक ताजा राहिला तर मुलांना ताजे मिळते.

राहुरीशी नाते

हे सारे परके वाटू देऊ नका. अमेरिकेने १८६२ साली कायदा करून राज्यांना सरकारी जमीन दिली आणि तिच्या पैशातून शेती व यंत्रविद्येची कॉलेजे उभी राहिली. शिक्षण, संशोधन आणि विस्तार हाती हात घालून चालवण्याचा तोच नमुना पुढे आपल्या कृषी विद्यापीठांनी घेतला. १९६८ साली राहुरीला निघालेले विद्यापीठ त्याच वळणाचे. अमेरिकेतील मूळ रहिवासी जमातींच्या २९ कॉलेजांना मात्र हा दर्जा १९९४ पर्यंत थांबून मिळाला. त्यांच्यासाठी जमिनीऐवजी कायम ठेव ठेवून तिचे व्याज दरसाल वाटण्याची तरतूद झाली. हक्क उशिरा मिळाला, पण मिळाला.

आपल्याकडेही कॉलेजांची पाहणी करणारी 'नॅक' ही संस्था विद्यार्थ्यांना नोकरी लागली का, ते पुढे शिकले का, याची नोंद मागते.

आपण काय करावे?

१. प्रवेश घेताना गेल्या पाच वर्षांतील मुले काय करतात, हे नम्रपणे पण हटकून विचारा. वही नसेल तर ठेवायला सांगा.

२. तुमचा मुलगा-मुलगी शिकून बाहेर पडली की फोन क्रमांक, काम आणि पगार विद्यालयाला कळवा. ठिबकचे दुकान काढले, रोपवाटिका घातली, घरचे उत्पन्न वाढवले, तेही कळवा. ही शेखी नव्हे, हा पुरावा आहे.

३. गुरुजी अर्ज घेऊन आले तर सोसायटीने, दूध संघाने, बागायतदारांनी आम्हाला अशी माणसे हवीत, असे लेखी पत्र द्यावे. मुले कामावर शिकायला घ्यावीत.

४. अर्ज शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये. कागद उन्हाळ्यातच गोळा करावेत. पेरणीच्या दिवशी बी शोधणाऱ्याचे काय होते, ते तुम्हाला सांगायला नको.

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. पण पुराव्यानिशी मागणाऱ्याला पैसा मिळू शकतो. त्या गुरुजींनी पुढे वही केली. पहिल्या पानावर आमची ती सतरा नावे आहेत. तुमच्या गावच्या विद्यालयातील वहीत तुमच्या मुलाचे नाव आहे का, एवढे या आठवड्यात पाहून या.