आंत्रपुच्छशोथ

बृहदांत्राच्या आरंभीच्या भागास उंडुक म्हणतात. उंडुकास जोडलेल्या व एका टोकास बंद असलेल्या आंत्रपुच्छ या नळीच्या दाहयुक्त सुजेस ‘आंत्रपुच्छशोथ’ अशी संज्ञा आहे. व्यवहारात हा विकार ‘अपेंडिसायटिस’ या नावाने परिचित आहे. तातडीची शस्त्रक्रिया कराव्या लागणाऱ्या उदरविकारांत तो नेहमी आढळतो. तो कोणत्याही वयात होऊ शकतो; तथापि १० ते ३० वर्षे या वयात त्याचे प्रमाण अधिक असते.

कारणे : मळाचा घट्ट खडा, ऊतकाची वाढ किंवा क्वचित जंत यांमुळे नळीची पोकळी बंद होते. आत स्राव साठून दाब वाढतो, जंतूंची वाढ होते व भित्तीचा रक्तपुरवठा खुंटतो. अखेरीस कोथ होऊन भित्तीस छिद्र पडते आणि पू उदरपोकळीत पसरून पर्युदरशोथ होतो.

लक्षणे : आरंभी वेदना बेंबीभोवती जाणवते व तिचे स्थान नेमके सांगता येत नाही, कारण आंत्रपुच्छाच्या आणि बेंबीभोवतालच्या त्वचेच्या संवेदना मेरुरज्जूच्या एकाच भागात पोहोचतात. त्यामुळे अपचन किंवा वायूचा विकार असावा, असा समज होतो. काही तासांनी दाह उदरभित्तीच्या आतील आवरणापर्यंत गेला म्हणजे वेदना उजवीकडे खाली स्थिरावते. भूक मंदावणे, मळमळ, वांती व थोडा ज्वर ही इतर लक्षणे होत. छिद्र पडताच काही वेळा वेदना एकाएकी कमी होते. हा आराम फसवा असतो.

निदान : नितंबास्थीचे पुढील टोक व बेंबी यांना जोडणाऱ्या रेषेवर, त्या टोकापासून एक-तृतीयांश अंतरावर, दाबल्यास दुखते. हा बिंदू चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये दर्शविला. रक्तातील श्वेत कोशिकांची गणना, सोनोग्राफी व सीटी स्कॅन यांमुळे निदानास पुष्टी मिळते.

इतिहास : या विकाराचे सुस्पष्ट वर्णन रेजिनाल्ड फिट्‌झ या अमेरिकन वैद्यांनी १८८६ मध्ये केले व लवकर शस्त्रक्रिया करण्याचा पुरस्कार केला. महाराष्ट्रातील सुविख्यात उदाहरण महात्मा गांधींचे आहे. येरवडा तुरुंगात असताना त्यांना हा विकार झाला. १२ जानेवारी १९२४ रोजी त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवून त्याच रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. तत्पूर्वी गांधींच्या संमतीचे निवेदन व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांनी लिहून घेतले व गांधींनी त्यावर स्वाक्षरी केली. वादळामुळे वीज गेल्याने शस्त्रक्रिया कंदिलाच्या उजेडात पुरी करावी लागली. प्रतिजैविके उपलब्ध नसलेल्या त्या काळात पुढे जखमेच्या जागी पू होऊन प्रकृती सावकाश सुधारली. ५ फेब्रुवारी रोजी सरकारने त्यांची मुक्तता केली.

चिकित्सा : आंत्रपुच्छ काढून टाकणे हा प्रमुख उपाय होय. ही शस्त्रक्रिया उदर उघडून किंवा लहान छिद्रांतून दुर्बिणीच्या साहाय्याने करतात. छिद्र पडलेले नसल्यास काही निवडक रुग्णांना केवळ प्रतिजैविके देतात. मात्र त्यांतील काहींना पुढे शस्त्रक्रिया करावी लागते. कारण न कळलेल्या पोटदुखीत रेचक अथवा बस्ती देऊ नये व पोट शेकू नये. त्यामुळे छिद्र पडण्याचा धोका वाढू शकतो. वेदना काही तासांत न थांबल्यास किंवा वाढत गेल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. छिद्र पडण्यापूर्वी शस्त्रक्रिया झाल्यास रुग्ण बहुधा लवकर व पूर्णपणे बरा होतो.