घरातली बेगमी आणि गावाची पत

२०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला आला. आदल्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी २१ दिवसांच्या देशव्यापी टाळेबंदीची घोषणा केली आणि त्याच मध्यरात्रीपासून ती अमलात आली. महाराष्ट्रात संचारबंदी त्याआधीच जारी झाली होती. लातूर-बार्शी रस्त्यावरील मुरुडसारख्या बाजारपेठेच्या गावात पाडव्याच्या तोंडावर एरवी साखरेच्या गाठींची आणि नव्या कापडाची खरेदी चालते. त्या दोन दिवसांत गर्दी झाली ती किराणा दुकानांपुढे. कोणी साखरेचे पोते मोटारसायकलवर आडवे टाकून नेत होता, तर त्याच रांगेत मागे उभी असलेली रोजंदारीवरची बाई दहा रुपयांची चहापूड आणि पाव किलो तेल मागत होती. महामारीत घर कसे चालवावे, या विषयावर पुढे पुष्कळ उपदेश झाले. त्या सर्वांचे मर्म या एका रांगेत होते. घरात महिन्याचे सामान आणि हाताशी थोडी रोकड ठेवावी, हा सल्ला पोते नेणाऱ्याला आवश्यक नव्हता आणि पाव किलो तेल घेणारीला तो अमलात आणणे शक्य नव्हते.

बेगमी आणि साठेबाजी

आपल्या भाषेत ‘बेगमी’ आणि ‘साठेबाजी’ हे दोन वेगळे शब्द आहेत, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. बेगमी हा गृहिणीचा सद्गुण, तर साठेबाजी हा व्यापाऱ्याचा अपराध, अशी आपली समजूत. टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यात ही सीमारेषा पुसली गेली. सुशिक्षित नोकरदारानेही चार महिन्यांचे सामान भरले आणि त्याला ‘काळजी’ असे नाव दिले. हा केवळ आपल्याकडचाच दोष नव्हे. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनसारख्या संपन्न देशांतही त्याच सुमारास दुकानांच्या फळ्या रिकाम्या झाल्या. माणूस भ्याला म्हणजे शेजाऱ्याच्या पिशवीकडे पाहून आपली पिशवी भरतो.

वस्तुतः मराठवाड्याला साठवण कोणी शिकवावी अशी स्थिती नाही. जमिनीत खोदलेली पेवे, तट्ट्याच्या शेणाने सारवलेल्या कणग्या, भिंतीच्या पोटातली बळदे यांत वर्षाची ज्वारी राहत असे. धान्यात कडुनिंबाचा पाला घालावा, तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात द्यावा, हे ज्ञान घराघरांत होते. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आज आपण भलत्याच अर्थाने वापरतो. पण ज्या गावात पेव होते त्या गावात एका आठवड्याच्या बंदीने चूल थंडावत नसे. शिवाय २०२०ची टाळेबंदी आली ती चैत्रात. तूर घरात आलेली, रब्बीची ज्वारी खळ्यावरून निघालेली, घरोघरी कुरडया-पापडांची तयारी चाललेली. वर्षातला सर्वांत भरल्या घराचा हा काळ. तरीही शेतकऱ्याच्या घरची मंडळी दुकानाच्या रांगेत का दिसली?

याचे उत्तर गेल्या तीन-चार दशकांतील पीकपालटात आहे. लातूर परिसराने ज्वारी मागे सारून सोयाबीन पुढे आणले. सोयाबीन हे घरात ठेवून खाण्याचे पीक नव्हे, ते आडतीवर नेऊन विकण्याचे पीक आहे. त्याने हाती पैसा आला, मुले लातूर-पुण्याला शिकली, पक्की घरे उभी राहिली. हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र वर्षाचे धान्य घरात असलेला शेतकरी आठवड्याचे सामान दुकानातून आणणारा गिऱ्हाईक बनला. ज्या जिल्ह्याच्या बाजारात सोयाबीनच्या राशी पडतात, तिथल्याच घरांना २०२१च्या उन्हाळ्यात खाद्यतेलाची पिशवी घेताना दोनदा विचार करावा लागला. घरातली बेगमी संपली ती आळसाने नव्हे. अर्थव्यवहार बदलला म्हणून.

रोकड कोणाची?

रोकडीच्या बाबतीतही असेच घडले. मराठवाड्याच्या जुन्या पिढीला नाण्यांचा खेळ ठाऊक आहे. निजामी राजवटीत इकडे हाली सिक्का चाले, तर बार्शीच्या बाजूला इंग्रजी मुलखात कलदार रुपया. सात हालींचे सहा कलदार असा हिशेब करीत व्यापारी हद्द ओलांडत. ते हाली चलन १९५९ पर्यंत टिकून होते. पुढच्या पिढ्यांनी ८ नोव्हेंबर २०१६ची नोटाबंदी पाहिली. डाळीच्या डब्यात जपलेले पैसे एका रात्रीत बाहेर काढावे लागल्याने किती घरांत किती प्रश्न विचारले गेले, ते त्या घरातल्या स्त्रियांनाच ठाऊक. अशा अनुभवानंतर ‘घरात रोकड ठेवा’ हे सांगणे सोपे नाही.

तरीही महामारीत लोकांनी रोकडच जवळ केली. रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार २०२०-२१ या वर्षात चलनातील नोटांचे मूल्य १६.८ टक्क्यांनी वाढले. गंमत अशी की त्याच काळात मोबाइलवरून पैसे देण्याची पद्धतही झपाट्याने फैलावली. मार्च २०२० मध्ये यूपीआयचे व्यवहार सुमारे १२५ कोटी होते, ते डिसेंबरात २२३ कोटींवर गेले. ज्याच्या हातात मोबाइल होता त्याने तो वापरला आणि शिवाय नोटाही काढून ठेवल्या. ज्याच्याकडे दोन्ही नव्हते तो बँकेच्या दारात उभा राहिला.

केंद्र सरकारने २६ मार्च २०२० रोजी गरीब कल्याण योजना जाहीर केली. तीत महिलांच्या जनधन खात्यांवर तीन महिने दरमहा ५०० रुपये जमा झाले. गर्दी होऊ नये म्हणून खातेक्रमांकाच्या शेवटच्या अंकानुसार दिवस वाटून दिले गेले: ० आणि १ अंकवाल्यांनी ३ एप्रिलला, २ आणि ३ वाल्यांनी ४ एप्रिलला, याप्रमाणे ९ एप्रिलपर्यंत. योजना कागदावर निर्दोष होती. परंतु एसटी बंद, जीप बंद, आणि शाखा मोठ्या गावात. आसपासच्या वाडीतल्या बाईने ५०० रुपयांसाठी उन्हात किती पायपीट करावी? आणि हाती आलेली ५००ची एकच नोट दुकानदाराने मोडून तरी कशी द्यावी? त्या दिवसांत गावात नोटांपेक्षा सुट्ट्या पैशांचीच टंचाई अधिक जाणवली. आम्हा पगारदारांना पैसा म्हणजे खात्यावरचा आकडा वाटतो. मजुराच्या लेखी पैसा म्हणजे मोडता येणारी नोट.

धान्य की पैसे?

याच योजनेत शिधापत्रिकेवर माणशी दरमहा ५ किलो मोफत धान्य मिळाले. ही व्यवस्था काही काळ वगळता डिसेंबर २०२२ पर्यंत चालली, पुढे ते धान्य अन्नसुरक्षा कायद्याखालीच मोफत झाले आणि १ जानेवारी २०२४ पासून आणखी ५ वर्षांसाठी तशी तरतूद करण्यात आली. त्या काळात केशरी कार्डधारकांनाही राज्याने मे-जून २०२० मध्ये गहू ८ रुपये आणि तांदूळ १२ रुपये किलोने दिला. वितरणात उणिवा राहिल्या, वजनाच्या तक्रारी झाल्या, यंत्रावर अंगठे उमटले नाहीत. तथापि एक गोष्ट मान्य केली पाहिजे: धान्य गावातच तोलून मिळत होते. पैसा मात्र शाखेत होता आणि शाखा दूर होती.

हा अनुभव ताजा असताना पुढे काय झाले पाहा. मराठवाड्यासह राज्यातील १४ शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून २ रुपये दराने गहू आणि ३ रुपये दराने तांदूळ मिळत असे. ते धान्य थांबले आणि २०२३ मध्ये त्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये खात्यात देण्याचा निर्णय झाला. पुढे ही रक्कम १७० करण्यात आली. पैसे हाती असले म्हणजे माणूस हवे ते घेऊ शकतो, हा युक्तिवाद सामान्य काळात योग्यच आहे. पण बाजार बंद असताना, भाव चढलेला असताना आणि बँक दूर असताना त्या १७० रुपयांत किती ज्वारी येईल, याचा विचार कोणी करायचा? बळदे गेली, पेवे गेली. आता सरकारी गोदाम हेच गावाचे पेव उरले आहे. २०२० साली ते भरलेले होते, ठरवून दिलेल्या राखीव साठ्याच्या दुपटीहून अधिक भरलेले होते, म्हणूनच देश त्या संकटातून तगला.

बाहेर जायचे कोणी?

सामान आणि पैसा यांच्या जोडीला तिसरा प्रश्न होता तो आणण्याचा. घरातून एकानेच बाहेर पडावे, असा दंडक होता. तो एक कोण, हे घराघरांत न बोलता ठरले. कुठे तरणा मुलगा, कुठे कर्ता पुरुष. पण मुरुडसारख्या गावांत अशी कितीतरी घरे आहेत, जिथे मुले पुण्या-मुंबईला आणि मागे दोन म्हातारी माणसे. त्यांचे रक्तदाबाचे औषध लातूरहून यायचे. आमच्या गल्लीत एका निवृत्त गुरुजींची यादी रोज सकाळी कुंपणाच्या भिंतीवर दगडाखाली ठेवलेली असे: दूध अर्धा लिटर, मेथीची जुडी, गोळ्यांची एक पट्टी, आणि खाली नेमके मोजलेले पैसे. शेजारचा महाविद्यालयीन मुलगा ती घेऊन जाई आणि पिशवी त्याच भिंतीवर ठेवी. पंधरा दिवसांनी गुरुजींनी यादीत एक ओळ वाढवली: ‘तुझ्यासाठी एक बिस्किटपुडा.’ मुलाने बिस्किटपुडा घेतला नाही, असे गुरुजींनीच पुढे तक्रारीच्या सुरात सांगितले. अशा भिंती गावोगावी होत्या, म्हणून पुष्कळ घरे चालली. मात्र त्यावर विसंबून धोरण आखता येत नाही.

धोरणाचा विचार केला तर काही निर्णय फेरतपासणीस पात्र ठरतात. दुसऱ्या लाटेत २० एप्रिल २०२१च्या आदेशाने किराणा आणि भाजीपाल्याची दुकाने सकाळी ७ ते ११ एवढीच उघडी राहिली. हेतू गर्दी टाळण्याचा होता. पण दिवसभराचे गिऱ्हाईक चार तासांत कोंबले तर गर्दी वाढते, हे सांगायला अर्थशास्त्र नको. शिवाय सकाळी सात ते अकरा हीच शेतमजुरीवर जाण्याची वेळ. ज्या बाईला मजुरी बुडवून सामान आणावे लागले, तिच्या त्या दिवसाच्या तेलाची किंमत कोणत्याही भावफलकावर नव्हती.

दुकानदाराची वही

या सर्व काळात गाव ज्याच्यामुळे तगले, त्याची दखल मात्र फारशी घेतली गेली नाही. तो म्हणजे गल्लीतला किराणा दुकानदार. ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी मागच्या भिंतीवर होती आणि समोर लाल वही उघडी होती. मजुरी थांबली तेव्हा लोक त्या वहीवर जगले. दुकानदार काही दानशूर नव्हता. त्याने भावात थोडे वर-खाली केलेही असेल. पण ठोक व्यापारी त्याच्याकडून रोख मागत होता आणि गिऱ्हाईक उधारीवर नेत होते. त्या दोहोंच्या मध्ये त्याची पुंजी अडकली. रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० रोजी कर्जाच्या हप्त्यांना तीन महिन्यांची सवलत जाहीर केली. ती बँकेच्या कर्जदाराला लागू होती, लाल वहीला नव्हे. ज्या पगारदारांचे वेतन नियमित चालू होते, त्यांनी निदान आपली जुनी उधारी त्या महिन्यात चुकती केली असती, तर त्याच पैशातून दुसऱ्या एखाद्या घराला सामान मिळाले असते. संकटात पोते भरण्यापेक्षा देणे फेडणे हे अधिक मोठे समाजकार्य असते.

पुढच्या वेळेसाठी

अशी वेळ पुन्हा येणार नाही, असे समजण्यात शहाणपण नाही. १८९७च्या प्लेगच्या कायद्याचाच आधार २०२० मध्ये घ्यावा लागला. या प्रदेशाने १९७२चा दुष्काळ आणि रेशनवरचा लाल मिलो पाहिला, ३० सप्टेंबर १९९३चा भूकंप सोसला, आणि २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्याला. संकटाचे रूप बदलते. घरात काय आहे आणि शेजारी कोण आहे, हे दोन प्रश्न बदलत नाहीत.

अन्य देश याचा विचार गांभीर्याने करतात. स्वीडनने २०१८ मध्ये संकटकाळी घरात काय असावे याची पुस्तिका घराघरांत पाठवली. युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या २०२५ मधील एका लेखात काही देशांच्या यंत्रणा माणशी ७० ते १०० युरो घरात ठेवायला सुचवतात, याची नोंद आहे. म्हणजे मोबाइलवर सारे व्यवहार करणाऱ्या देशांनाही नोटेची आठवण झाली आहे. आपणही ज्यांना शक्य आहे त्यांनी महिन्याचे धान्य, पंधरा दिवसांचे औषध आणि आठवड्याचा खर्च दहा-वीस-पन्नासच्या नोटांत ठेवावा. मात्र तो शांततेच्या काळात थोडाथोडा जमवावा, घोषणा झाल्यावर रांगेत उभे राहून नव्हे. ग्रामपंचायतीने एकाकी वृद्धांची, आजाऱ्यांची आणि शिधापत्रिका नसलेल्यांची यादी तयार ठेवावी. शाळा-महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांकडे त्यातली दोन-दोन घरे सोपवावीत. बचत गटांकडे सुट्ट्या नोटांची आणि धान्याची छोटी गंगाजळी असावी. बँकेने अशा वेळी शाखेत बोलावण्याऐवजी वाडीवर माणूस पाठवावा. यांतले एकही काम फार खर्चाचे नाही.

दुकानांसमोर चुन्याने आखलेली ती वर्तुळे केव्हाच पुसली गेली. लाल वहीतली काही पाने मात्र अजून खोडायची राहिली आहेत. ज्यांच्या घरात आज धान्य आहे आणि खात्यावर पगार आहे, त्यांनी पुढच्या बेगमीचा विचार करताना प्रथम त्या पानांकडे पाहावे.