निरोगी माणसाचा डॉक्टर
(वैद्यकाच्या आडवाटा : लेखांक ७)

१५ एप्रिल १८७५ रोजी पॅरिसहून 'झेनिथ' नावाचा बलून तीन माणसांना घेऊन वर गेला. तिसाँदिए, सिव्हेल आणि क्रोसे-स्पिनेली. सोबत प्राणवायूच्या पिशव्या होत्या, नळ्या हाताशी होत्या. बलून आठ हजार मीटरच्या वर गेला आणि खाली आला तेव्हा तिघांपैकी फक्त तिसाँदिए जिवंत होता. त्याने नंतर लिहून ठेवलं की वर असताना त्याला त्रास असा वाटलाच नाही, उलट एक सुखद तरंग अंगभर होता. प्राणवायूची नळी तोंडात धरावी असं मनात आलं, पण हात उचलेना.

यातल्या सिव्हेल आणि क्रोसे-स्पिनेली यांना फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी आदल्या वर्षी आपल्या प्रयोगशाळेतल्या दाबकोठीत बसवलं होतं. आतली हवा विरळ करत नेली की माणसाचं काय होतं, हे बेर तपासत. स्वतःही त्या कोठीत बसत. 'झेनिथ'वर नेलेला प्राणवायू पुरणार नाही, असं त्यांनी पत्राने कळवलंही होतं, पण ते पत्र वेळेत पोहोचलं नाही. विमान उडायला तेव्हा अजून अठ्ठावीस वर्षं होती. तरी पुढे जे वैमानिकी वैद्यक उभं राहिलं त्याचा गाभा या एका घटनेत आहे. उंचीवर शरीर बिघडतं, आणि ज्याचं बिघडतं त्यालाच ते कळत नाही.

गेल्या लेखांकात आपण कारखान्यातल्या डॉक्टरांची ओळख करून घेतली. तिथे काम करता करता माणूस आजारी पडतो. इथे माणूस ठणठणीत असतो, हजारांतून निवडून घेतलेला असतो. फक्त त्याला नेऊन बसवलेली जागा माणसाच्या शरीरासाठी बनलेली नसते. एमबीबीएसच्या साडेचार वर्षांत डॉक्टर रोग्याकडे बघायला शिकतो. निरोगी माणूस कुठे, किती वेळात आणि कशामुळे कोसळेल हे बघायला त्याला वेगळं शिकावं लागतं.

आपल्याकडे हे शिक्षण मिळतं ते बेंगळुरूला, भारतीय हवाई दलाच्या इन्स्टिट्यूट ऑफ एअरोस्पेस मेडिसिनमध्ये. १९५७ साली ही संस्था स्कूल ऑफ एव्हिएशन मेडिसिन या नावाने सुरू झाली. इथला तीन वर्षांचा एमडी अभ्यासक्रम कर्नाटकातल्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेला आहे. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयातून (एएफएमसी) बाहेर पडून हवाई दलात गेलेले कितीतरी डॉक्टर या वाटेने जातात. आधी एखाद्या तळावर नेमणूक, वैमानिकांसोबत काही काळ, मग लहान अभ्यासक्रम आणि ज्याला गोडी लागली त्याला एमडी.

या शिक्षणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा नियम बेर यांच्यापासून चालत आलेला आहे. जे वैमानिकाला सोसायचं ते डॉक्टरने आधी स्वतः सोसायचं.

दाबकोठीचंच बघा. आजच्या भाषेत हायपोबॅरिक चेंबर. जाड भिंतींची लांबट खोली, दोन्ही बाजूंना बाकं, प्रत्येकाच्या तोंडावर मास्क. आत शिरल्यावर आधी बराच वेळ शुद्ध प्राणवायू घ्यायचा, म्हणजे रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडतो. नाहीतर दाब उतरला की त्याचे बुडबुडे होऊन सांध्यांत कळा येतात. मग पंप सुरू होतो. खोली जागची हलत नाही, आतली हवा मात्र विरळ होत जाते आणि उंचीमापकाचा काटा वर सरकतो. पोटातला वायू फुगतो, कानांना दडे बसतात, दाढेत अर्धवट भरलेली पोकळी असेल तर ती ठणकू लागते. १८,००० फुटांवर हवेचा दाब जमिनीवरच्या निम्मा होतो. २५,००० फुटांवर काटा थांबतो आणि एकेकाला मास्क काढायला सांगतात. हातात कागद आणि पेन्सिल. शंभरातून सात वजा करत जा, प्रत्येक उत्तर लिहा.

त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी इथपर्यंत अक्षर सरळ असतं. दोन-तीन मिनिटांत ओळ तिरकी होते, एकच आकडा दोनदा येतो, नखं निळसर दिसू लागतात. कुणी उगाच हसत सुटतो, कुणी चिडतो, कुणाच्या बोटांना मुंग्या येतात. 'मास्क लाव' असं समोरून सांगितलं जातं आणि लिहिणारा मान डोलावून तसाच लिहीत राहतो. मास्क लावल्यावर काही सेकंदांत डोकं ताळ्यावर येतं आणि कागद बघून ज्याचा तोच चकित होतो, कारण त्याच्या मते सगळी गणितं बरोबर आलेली असतात. या उंचीवर हातून धड काम होण्याचा अवधी तीन ते पाच मिनिटांचा असतो. ३५,००० फुटांवर तो अर्ध्या ते एका मिनिटावर येतो. प्रवासी विमानं साधारण याच उंचीवर उडतात.

प्राणवायू कमी पडल्याची पहिली खूण प्रत्येकात निराळी असते, आणि एकाच माणसात बहुधा तीच पुन्हा येते. आपली खूण ओळखून ठेवणं हाच या सरावाचा हेतू. १४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसहून निघालेल्या हेलिऑस कंपनीच्या विमानात दाबयंत्रणेचा स्विच चुकीच्या जागी राहिला होता. इशारा वाजला, पण वैमानिकांना तो दुसराच कसला तरी वाटला आणि विमान वर चढत राहिलं. ते शुद्धीवर नसताना विमान अथेन्सच्या आकाशात घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपल्यावर डोंगरावर कोसळलं. १२१ माणसं गेली. हे पुस्तकात वाचलेला डॉक्टर आणि चेंबरमध्ये स्वतःच्या हाताने तिरकं लिहिलेला डॉक्टर, या दोघांच्या सांगण्यात फरक पडतो.

दुसरं मोठं यंत्र सेंट्रिफ्यूज. लांब हाताच्या टोकाला बसवलेली कुपी आणि ती गरगरा फिरवणारी मोटार. लढाऊ विमान झपकन वळतं तेव्हा वैमानिकाचं वजन कित्येक पट होतं. दर एका 'जी'मागे, म्हणजे वजनाच्या दर पटीमागे, मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा दाब साधारण २२ मिलिमीटरने उतरतो. त्यामुळे काहीच बचाव न करता बसलेल्या माणसाची शुद्ध साडेचार-पाच 'जी'च्या आसपास जाते. त्याआधी रंग फिके पडतात, नजर कडेने काळवंडत येते. शुद्ध परतली तरी पुढची दहा-बारा सेकंदं आपण कुठे आहोत ते उमगत नाही, आणि तेवढ्यात विमान दर सेकंदाला अडीचशे मीटर पुढे जात असतं. बचाव दोन. पाय आणि पोट आवळणारा अँटी-जी सूट, आणि मांड्या-पोट ताणून दर तीन सेकंदांनी झटक्यात श्वास बदलण्याचं तंत्र. हे तंत्र शिकवणाऱ्या डॉक्टरला ते स्वतःला यावं लागतं. अमेरिकन हवाई दलातले डॉक्टर जॉन स्टॅप यांनी ही परंपरा टोकाला नेली. १० डिसेंबर १९५४ रोजी ते रॉकेटने ढकललेल्या गाडीवर बसून ताशी ६३२ मैल वेगाने गेले आणि सव्वा सेकंदाच्या आसपास थांबले. ४६ 'जी'हून अधिक ताण आला, डोळ्यांत रक्त उतरलं. माणूस किती सोसू शकतो याचा जुना अंदाज त्या दिवशी मोडला.

दिशाभ्रमाचं शिक्षणही असंच, फिरत्या खुर्चीत डोळे बांधून बसल्यावर. कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका वेग बदलला की सांगतात, एकसारखं फिरणं मात्र काही सेकंदांत विसरतात. खुर्ची थांबली की आपण उलटे फिरतोय असं छातीठोक वाटतं. ढगात शिरलेल्या वैमानिकाला नेमकं हेच होतं.

इथवरचा भाग अंगाने शिकायचा. पुढचा निर्णयाचा आहे, आणि तो मला जास्त अवघड वाटतो. समजा सोनोग्राफीत वैमानिकाच्या मूत्रपिंडात छोटा खडा दिसला. दुखत काही नाही. आपला फॅमिली डॉक्टर म्हणेल, भरपूर पाणी प्या. वैमानिकी डॉक्टरला विचार करावा लागतो की उतरताना, धावपट्टी समोर असताना कळ आली तर? म्हणून तो त्याला खडा निघेपर्यंत 'ग्राउंड' करतो.

पण भीती वाटली म्हणून सगळ्यांनाच जमिनीवर ठेवता येत नाही. मर्यादा कुठे आखायची यासाठी जगभर एक टक्क्याचा नियम वापरला जातो. ज्याला वर्षभरात एकाएकी निकामी होण्याचा धोका एक टक्क्याहून कमी, त्याला दुसऱ्या वैमानिकासोबत उडू द्यावं. वर्षात सुमारे दहा हजार तास धरले तर एक टक्का म्हणजे दहा लाख तासांत एकदा. त्यातला जेमतेम दहावा हिस्सा उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या नाजूक वेळेत येतो. अशा वेळी शेजारचा वैमानिक विमान सांभाळून घेतो आणि शंभरातल्या एखाद्याच प्रसंगी अपघात होईल, असं मानलं जातं. गुणाकार केला की अब्ज तासांत एक अपघात येतो. हृदयविकारातून बरे झालेले काही वैमानिक पुन्हा कॉकपिटमध्ये बसू शकतात ते या हिशोबामुळे. एका माणसाची रोजीरोटी आणि मागे बसलेल्या दोनशे जणांचा जीव एकाच कागदावर तोलायचा, हे शिकवणं सोपं नाही.

अपघातानंतरही हा डॉक्टर लागतो. १० जानेवारी १९५४ रोजी ब्रिटिश कॉमेट जेट विमान इटलीच्या एल्बा बेटाजवळ समुद्रात पडलं. सांगाडा खोल पाण्यात होता, कारण कुणालाच कळत नव्हतं. पिसाच्या अंतोनिओ फोर्नारी यांनी सापडलेल्या मृतदेहांची तपासणी केली. फाटलेली फुप्फुसं आणि कवटीचे अस्थिभंग बघून त्यांनी सांगितलं की केबिनचा दाब एका क्षणात गेला असणार. धातू थकून विमानाचं शरीर फाटलं होतं, हे इंजिनिअरांनी पुढे सिद्ध केलं. आपल्याकडे २२ मे २०१० च्या मंगळुरूच्या अपघातात १५८ माणसं गेली. चौकशी अहवालात कॅप्टनची प्रवासातली दीर्घ झोप आणि जागं झाल्यावर डोक्यात उरणारी सुस्ती यांची नोंद आहे. झोप, ड्यूटीच्या वेळा, पहाटेची गुंगी हाही या डॉक्टरचाच विषय.

आणि आता ज्याबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती गोष्ट. इतर डॉक्टरांकडे रोगी आपण होऊन दुखणं सांगतो. वैमानिक ते लपवतो, कारण सांगितलं तर उडणं बंद, आणि उडणं हेच त्याचं सगळं. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने विमान मुद्दाम आल्प्सच्या डोंगरावर घातलं आणि १५० माणसं गेली. त्याआधी काही आठवडे तो डॉक्टरांकडे जात होता, मानसिक आजारासाठी रुग्णालयात दाखल होण्याचा सल्लाही त्याला मिळाला होता. विमान कंपनीपर्यंत यातलं काही पोहोचलं नाही. युरोपने त्यानंतर प्रत्येक विमान कंपनीला सहकाऱ्यांच्या आधारगटाची सक्ती केली, जिथे वैमानिक आधी दुसऱ्या वैमानिकाशी बोलू शकतो. हा उपाय बरोबर दिशेचा आहे, कारण कितीही रक्त तपासलं तरी त्यात मन दिसत नाही.

म्हणूनच हवाई दलातली स्क्वाड्रनच्या डॉक्टरची पद्धत मला मोलाची वाटते. तो वैमानिकांच्या क्रू रूममध्ये बसतो, ब्रीफिंग ऐकतो, त्यांच्याबरोबर जेवतो. कोण आठवडाभर गप्प आहे, कुणाच्या घरी बाळ रात्रभर जागवतं, हे त्याला फाइल न उघडता माहीत असतं. 'डॉक, दोन रात्री नीट झोप नाही' असं चहा पिता पिता सांगता आलं, तर त्या दिवसापुरता माणूस मागे ठेवता येतो आणि कुणाचंच करिअर पणाला लागत नाही. नागरी वैमानिकांच्या वाट्याला हा डॉक्टर येत नाही. त्यांना ठराविक मुदतीने भेटतो तो शिक्का मारणारा डॉक्टर. प्रशिक्षणात सेंट्रिफ्यूजला जेवढं महत्त्व मिळतं तेवढंच बोलतं करण्याच्या कौशल्याला मिळायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

अवकाशाने या विषयात नवी पानं जोडली आहेत. राकेश शर्मा आणि रवीश मल्होत्रा यांच्या अवकाशमोहिमेसाठीच्या निवडीच्या चाचण्या बेंगळुरूच्या याच संस्थेत झाल्या, गगनयान या भारतीय अवकाशमोहिमेच्या चौघांच्याही झाल्या. त्यातले शुभांशु शुक्ला २०२५ च्या जून-जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर जाऊन आले. तिथे रक्त डोक्याकडे सरकतं, हाडांतलं कॅल्शियम कमी होतं, डोळ्यांच्या मागे दाब वाढतो. फ्रान्सच्या अवकाश संस्थेशी भारताचं जे सहकार्य ठरलं, त्यात आपल्या फ्लाइट सर्जनांचं, म्हणजे याच वैमानिकी डॉक्टरांचं, प्रशिक्षणही आहे.

पण या ज्ञानाचा काही भाग साताऱ्या-सांगलीतल्या साध्या दवाखान्यातही पोहोचायला हवा. मुलाकडे अमेरिकेला निघालेले सत्तरीचे आजोबा तिथल्याच डॉक्टरांना विचारतात, 'डॉक्टर, बायपास होऊन दोन महिने झाले, जाऊ ना विमानाने?' केबिनमधला दाब ६,००० ते ८,००० फुटांवरच्या हवेइतका असतो. धडधाकट माणसाच्या रक्तातला प्राणवायूही तिथे थोडा उतरतो, आणि शरीरात अडकलेला वायू साधारण तिसऱ्या हिश्शाने फुगतो. छातीत हवा साचलेली असेल, पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल किंवा हिमोग्लोबिन फार कमी असेल, तर प्रवास पुढे ढकलावा. बाकीच्यांसाठी डॉक्टरांच्या हाताशी एक साधी चाचणी आहे. न थांबता पन्नास मीटर चालून किंवा एक जिना चढून रुग्णाला धाप लागते का, ते समोर उभं राहून बघायचं. धाप लागली तर तिकिटाची तारीख बदलायला सांगायची आणि विमान कंपनीचा वैद्यकीय फॉर्म आधीच भरून द्यायचा, म्हणजे प्रवासात प्राणवायूची सोय करता येते.

(पुढील लेखांक : पाण्याखालचं वैद्यक)