विश्लेषण : जुळी मुले एका आईची, पण वडील दोन? ‘बॅड न्यूज’च्या कथेमागचे विज्ञान काय आहे?

एकाच गरोदरपणात वाढलेली, काही मिनिटांच्या अंतराने जन्मलेली दोन बाळे. आई एक, पण वडील वेगवेगळे. जुलै २०२४ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘बॅड न्यूज’ या हिंदी चित्रपटाची कथा याच गोंधळावर उभी आहे. तृप्ती डिमरीने साकारलेल्या सलोनीच्या पोटात जुळी आहेत. त्यातील एकाचा बाप विकी कौशलचा अखिल, तर दुसऱ्याचा अ‍ॅमी विर्कचा गुरबीर. चित्रपट विनोदी असल्याने ही केवळ पटकथेतली करामत वाटू शकते. प्रत्यक्षात वैद्यकशास्त्रात या प्रकाराच्या नोंदी आहेत आणि अमेरिकेत त्यावर न्यायालयाचा निकालही आलेला आहे. हे नेमके कसे घडते आणि असे घडले तर मुलांची जबाबदारी कोणाची, याविषयी...

जुळी मुले कशी होतात?

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात जुळ्यांचे दोन मुख्य प्रकार शिकवले जातात. एका अंडपेशीचे एका शुक्राणूशी मीलन होऊन युग्मनज तयार होतो आणि पुढे त्याचेच दोन भाग होऊन दोन गर्भ वाढतात. ही एकयुग्मजी जुळी. ती दिसायला जवळपास सारखी असतात आणि त्यांचे वडील वेगळे असूच शकत नाहीत, कारण मुळात शुक्राणू एकच असतो.

दुसरा प्रकार द्वियुग्मजी जुळ्यांचा. सहसा एका मासिक चक्रात एकच अंडपेशी बाहेर पडते. काही वेळा मात्र दोन अंडपेशी बाहेर पडतात आणि दोघींचे फलन दोन वेगळ्या शुक्राणूंशी होते. जनुकांच्या हिशेबाने ही मुले पाठोपाठ जन्मलेल्या सख्ख्या भावंडांसारखीच असतात, फक्त गर्भाशयात एकत्र वाढलेली. वडील वेगळे असण्याची शक्यता केवळ याच प्रकारात असते.

मग वडील वेगळे कसे होऊ शकतात?

हा सगळा वेळेचा खेळ आहे. बाहेर पडलेली अंडपेशी साधारण १२ ते २४ तास फलनक्षम राहते. शुक्राणू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. त्यामुळे महिन्यातील सुमारे सहा दिवस गर्भधारणेसाठी अनुकूल असतात. या दिवसांत स्त्रीचा दोन पुरुषांशी संबंध आला आणि त्याच चक्रात दोन अंडपेशी बाहेर पडल्या, तर एकीचे फलन एका पुरुषाच्या आणि दुसरीचे दुसऱ्या पुरुषाच्या शुक्राणूने होऊ शकते. याला ‘हेटेरोपॅटर्नल सुपरफेकंडेशन’ म्हणतात. दोन्ही संबंध एकाच दिवशी येण्याची गरज नसते, मध्ये काही दिवसांचे अंतर असू शकते.

‘सुपरफिटेशन’ या शब्दाशी मात्र याची गल्लत करू नये. त्यात आधीच गर्भ राहिलेला असताना काही आठवड्यांनी दुसरी गर्भधारणा होते.

हे कधीपासून माहीत आहे?

अमेरिकी डॉक्टर जॉन आर्चर यांनी १८१० मध्ये एका स्त्रीला झालेल्या जुळ्यांची नोंद केली. एक बाळ गोरे, तर दुसरे सावळे होते आणि थोड्या काळाच्या अंतराने तिचे एका गोऱ्या व एका कृष्णवर्णीय पुरुषाशी संबंध आले होते. अर्थात, तेव्हा हे ठरवले गेले ते केवळ रंगावरून. प्रयोगशाळेतील पुरावा येण्यासाठी १९७८ साल उजाडावे लागले. पॉल तेरासाकी यांच्या चमूने पेशींवरील ‘एचएलए’ खुणा जुळवून एका जुळ्यांचे वडील वेगळे असल्याचे दाखवून दिले. पुढे डीएनए चाचणी आली आणि शंकेला फारशी जागा उरली नाही.

हे किती दुर्मीळ आहे?

याचे उत्तर तपासणी कोणाची केली यावर अवलंबून आहे. अमेरिकेत १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पितृत्व चाचण्यांच्या सुमारे ३९ हजार नोंदींमध्ये अशी तीनच प्रकरणे सापडली. मात्र त्या नोंदींतील फक्त द्वियुग्मजी जुळी पाहिली, तर हेच प्रमाण २.४ टक्के भरले.

हा आकडा सर्व जुळ्यांना लावता येत नाही. वडील कोण, यावर वाद असलेल्या कुटुंबांतलाच तो आहे. दुसरीकडे, वाद नसलेल्या घरात कोणी जुळ्यांची पितृत्व चाचणी करायला जात नाही. त्यामुळे उजेडात आलेली प्रकरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असली, तरी घडलेली प्रकरणे तेवढीच असतील असे नाही.

न्यायालयाने काय निकाल दिला?

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात जानेवारी २०१३ मध्ये जन्मलेल्या जुळ्यांचे प्रकरण पोटगीसाठी न्यायालयात गेले. आपण एका आठवड्यात दोन पुरुषांशी संबंध ठेवल्याचे आईने सांगितले होते. डीएनए अहवालात संबंधित पुरुष एकाच मुलीचा पिता निघाला. मे २०१५ मध्ये न्यायाधीश सोहेल मोहम्मद यांनी त्या एकाच मुलीसाठी आठवड्याला २८ डॉलर देण्याचा आदेश दिला. दुसऱ्या मुलीची जबाबदारी त्याच्यावर आली नाही.

ब्राझीलमध्ये २०२२ साली समोर आलेल्या प्रकरणात वेगळे घडले. १९ वर्षांच्या तरुणीने केलेल्या चाचणीत जुळ्यांपैकी एकाचा डीएनए अपेक्षित पुरुषाशी जुळला, दुसऱ्याचा जुळला नाही. दुसऱ्या पुरुषाची चाचणी केल्यावर उलगडा झाला. तरीही एकाच पुरुषाने दोन्ही मुलांचा सांभाळ करण्याची तयारी दाखवली. म्हणजे विज्ञानाचे उत्तर दोन्हीकडे सारखे, पण मुलांच्या वाट्याला आलेले आयुष्य वेगळे.

चित्रपटांत बरोबर काय, चूक काय?

‘बॅड न्यूज’मधील मूळ घटना शास्त्रीयदृष्ट्या शक्य आहे. याच मालिकेतील २०१९ च्या ‘गुड न्यूज’मध्ये आयव्हीएफ केंद्रात दोन ‘बत्रा’ दाम्पत्यांच्या नमुन्यांची अदलाबदल होते. ते मानवी चुकीचे प्रकरण होते, निसर्गाचे नव्हे.

अरनॉल्ड श्वार्झनेगर आणि डॅनी डेव्हिटो यांच्या १९८८ च्या ‘ट्विन्स’मध्ये मात्र सहा पुरुषांचे गुण एकत्र करून जुळी जन्माला घातली जातात. हे निव्वळ काल्पनिक आहे. एका अंडपेशीचे फलन एकाच शुक्राणूने होते. त्यामुळे जुळ्यांना मिळून दोन वडील असू शकतात, एका मुलाला सहा नाही.

पुराणकथांनाही ही कल्पना नवी नाही. ग्रीक कथेत हेराक्लिस हा झ्यूस देवाचा, तर त्याचा जुळा भाऊ इफिक्लिस हा अॅम्फिट्रिऑन या मानवाचा मुलगा आहे.

जुळी वेगळी दिसली तर संशय घ्यावा का?

अजिबात नाही. द्वियुग्मजी जुळ्यांमध्ये सरासरी निम्मी जनुके सारखी असतात. म्हणून एक गोरे, एक सावळे. एकाचे केस कुरळे, दुसऱ्याचे सरळ. एक मुलगा, एक मुलगी असे फरक एकाच आई-वडिलांच्या पोटी सहज दिसतात. आपल्याकडे बाळ कोणावर गेले, याची चर्चा बारशापासूनच सुरू होते. रंगावरून आईला टोमणेही ऐकावे लागतात. पण चेहरा आणि रंग हा पितृत्वाचा पुरावा नाही.

डीएनए चाचणीत प्रत्येक बाळाच्या गुणसूत्रांवरील ठरावीक खुणा तपासतात. प्रत्येक ठिकाणी एक खूण आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली असते. आईची बाजूला काढली की उरलेली वडिलांशी जुळते का, हे पाहिले जाते. द्वियुग्मजी जुळ्यांत ही तपासणी दोन्ही मुलांची स्वतंत्रपणे करावी लागते. एकाचा अहवाल दुसऱ्याला लावता येत नाही.

भारतात कायदा काय सांगतो?

चित्रपटात गरोदरपणातच पितृत्व चाचणी होते. भारतात पीसीपीएनडीटी कायद्यानुसार प्रसवपूर्व निदान चाचण्या गर्भातील आजार व व्यंग ओळखण्यासारख्या ठरावीक कारणांसाठीच करता येतात. पितृत्व हे कारण त्या यादीत नाही.

भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११६ नुसार (पूर्वीचे पुरावा कायद्याचे कलम ११२) वैध विवाह कायम असताना, किंवा तो संपल्यापासून २८० दिवसांत आई अविवाहित असताना जन्मलेले मूल पतीचेच मानले जाते. त्या काळात पती-पत्नीला परस्परांशी संबंधाची संधीच नव्हती, हे सिद्ध केले तरच अपवाद. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले, की वैवाहिक वादात मुलांच्या डीएनए चाचणीचे आदेश सरसकट देऊ नयेत. मात्र २०१४ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात, चाचणी आधीच झालेली असल्याने याच न्यायालयाने अहवालाला कायद्यातील गृहीतकापेक्षा अधिक महत्त्व दिले होते.

पोटगीच्या बाबतीत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ औरस आणि अनौरस असा भेद करत नाही. स्वतःचा उदरनिर्वाह करू न शकणाऱ्या दोन्ही मुलांना पोटगीचा हक्क आहे. म्हणजे जुळ्यांचे वडील वेगळे निघाले, तरी त्यातील एकाचाही हक्क नाहीसा होत नाही. प्रश्न उरतो तो फक्त, त्या हक्काची जबाबदारी कोण उचलणार याचा.