चोरून घेतलेली हवा

संपादकांना जुन्या ओम्नी अजून कुठे धावतात यावर लेख हवा होता. बुलढाण्यातल्या घाटाखालच्या संग्रामपूर तालुक्यात त्यासाठी शोधाशोध करावी लागत नाही. वरवट बकालच्या चौकात थोडा वेळ थांबलं की एखादी दिसतेच. मी मात्र गाड्या सोडून त्या दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींपाशीच अडकलो.

इतिहास थोडक्यात असा. पेट्रोल किती सोडायचं हे इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने ठरवण्याची बॉशची पद्धत 1967 साली फोक्सवॅगनमध्ये आली. आपल्याकडे 2000 च्या आसपास धुराचे नियम कडक होत गेले, तसा कार्बोरेटर मागे पडला आणि गाड्यांच्या पाठीवर ‘एमपीएफआय’ (मल्टिपॉइंट फ्युएल इंजेक्शन) ही अक्षरं झळकू लागली. त्याच गाड्या आता वीस-वीस वर्षांच्या झाल्यात. गिऱ्हाईक येतं ते एकाच तक्रारीने: रेस आपोआप वर-खाली होते, उभी केली की गाडी थरथरते.

‘एअर घेऊन रायली,’ मिस्त्री बॉनेट न उघडताच म्हणतात. ओम्नीचं इंजिन तसंही पुढच्या सीटखालीच.

पेट्रोलच्या एका भागाला वजनाने 14.7 भाग हवा लागते. ती हवा थ्रॉटलमधूनच यावी असा हिशेब असतो. पॅकिंग फुटलं किंवा एखाद्या नळीला चीर गेली की हवा मागच्या दाराने शिरते. पण ओम्नीचा संगणक हवा मोजत नाही, मॅनिफोल्डमधला दाब मोजतो आणि त्यावरून हवेचा अंदाज बांधतो. चोरट्या हवेने दाब वाढला की तो इमानदारीने तिच्यासाठीही पेट्रोल सोडतो. त्यामुळे रेस पडत नाही, उलट चढते. पाय ॲक्सिलरेटरवर नाही आणि इंजिन जोरात फिरतंय, म्हणजे गाडी उतारावर असणार, असं समजून संगणक पेट्रोल तोडतो. रेस खाली येते, पेट्रोल पुन्हा सुरू, रेस पुन्हा वर. वर-खाली होण्याचं कारण बऱ्याचदा हे असतं. चीर एकाच सिलिंडरच्या वाटेवर असेल, तर तेवढाच सिलिंडर उपाशी राहतो आणि गाडी मिसिंग करते.

मला सगळ्यात आवडली ती मिस्त्रींची एक अट. ‘गाडी ठेवून जा भाऊ, सकाळी थंडी असतानाच पाहू.’ इंजिन तापलं की धातू फुगतो, पॅकिंग दाबलं जातं आणि फट मिटते. शेगावहून तापत आलेली गाडी गॅरेजच्या दारात शहाण्यासारखी वागते. थंड इंजिन लपवाछपवी करत नाही.

सकाळी ते आधी रबरी नळ्या एकेक करून पकडीने हलक्या हाताने दाबतात. ब्रेक बूस्टरची जाड नळी दाबल्यावर रेस सुधारली, तर चोर बूस्टरच्या बाजूला. मग हातभर नळीचं एक टोक कानाला, दुसरं जोडांवरून फिरवत सूं आवाज ऐकायचा. संशय आला तिथे पाण्याचा फवारा. पाणी फट क्षणभर बुजवतं आणि इंजिनाचा सूर बदलतो. पुष्कळ जण कार्ब क्लीनर मारतात. तापलेल्या एक्झॉस्टशेजारी ते मला भलतं धाडस वाटतं, मिस्त्रींनाही. शेवटी व्हॅक्यूम गेज. धडधाकट इंजिनात काटा 17 ते 21 इंचांवर स्थिर राहतो. तो स्थिर पण खाली असेल तर बहुधा हवेची गळती. ठरावीक तालात झटके देत असेल तर व्हॉल्व्ह जळलेला, मग नळ्या शोधण्यात अर्थ नाही.

मी होतो तेव्हा चोर सापडला तो क्रँककेसची वाफ इंजिनात परत ओढणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हच्या रबरी कोपरात. वरून तो धडका दिसत होता. खालून तेलाने फुगून पिठूळ झालेला, नखाने दाबताच चीर उघडली.

पण रोग ताजा राहिलेला नसतो, हीच खरी कटकट. इथे येण्याआधी कुणीतरी दोन सेन्सर बदललेले असतात आणि थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू पिळलेला असतो. तो पिळला की थ्रॉटल पुरता मिटत नाही आणि चोरीवर दुसरी चोरी चढते. ओम्नी 2019 मध्ये बंद झाली. अस्सल रबर मिळेना आणि बाजारातलं नकली रबर घाटाखालच्या उन्हाळ्यात तडकतं. त्यात वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. त्याला हवा कमी लागते, साडेतेरा भागांच्या आसपास. जुना संगणक मात्र जुन्याच हिशेबाने चालतो. ऑक्सिजन सेन्सर ठीक असेल तर थोडंफार सावरून घेतो. काही जुन्या गाड्यांत रबरी भाग आणि पॅकिंग लवकर बदलावी लागतील, हे सरकारनेही मान्य केलंय. तरी प्रत्येक बिघाड इथेनॉलच्या माथी मारणं मिस्त्रींना पटत नाही: व्हॅक्यूमच्या नळीतून पेट्रोल वाहतच नाही, ती म्हातारपणाने तडकते. इंजेक्टरच्या ओ-रिंगची गोष्ट वेगळी.

वीस वर्षांपुढच्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाला 2025 पासून दहा हजार रुपये लागतात, आणि गाडी घेऊन आरटीओ कार्यालयात जायचं ते वेगळंच. एवढा खर्च केलेला माणूस किरकोळ नळीसाठी शोधणावळ द्यायला कुरकुरतो; नवा सेन्सर दाखवला तर निमूट पैसे काढतो. मिस्त्रींनी त्यावर तोडगा काढलाय. बिलात नळी फुकट लिहितात आणि अर्ध्या दिवसाची मजुरी लावतात. काही गिऱ्हाइकं ते बिल बघून परत येत नाहीत.