अवकाशप्रवासाचे तिकीट



पुण्याजवळ खडकवासल्याच्या तलावाकाठी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, हे तुम्हांपैकी अनेकांना ठाऊक असेल. आपल्या वायुसेनेचे जे दोन वैमानिक पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ते दोघेही या प्रबोधिनीचेच विद्यार्थी. राकेश शर्मा १९८४ च्या एप्रिलमध्ये गेले, ते सोव्हिएट सरकारच्या यानातून. शुभांशु शुक्ला २०२५ च्या जूनमध्ये गेले. मात्र त्यांची जागा आपल्या सरकारने अ‍ॅक्सिअम या अमेरिकेतील खाजगी कंपनीकडून विकत घेतली होती. प्रशिक्षण धरून सुमारे ५५० कोटी रुपये त्यासाठी खर्ची पडले. शुक्ला काही पर्यटक नव्हेत. ते कामासाठी गेले. पण ज्या खिडकीवर धनिक मंडळी हौसेची तिकिटे घेतात, तिथेच हेही तिकीट मिळाले. तेव्हा या खिडकीवर काय मिळते आणि ती मधूनमधून बंद का पडते, हे पाहू या.

पहिली गोष्ट अशी की, तिकिटे दोन प्रकारची असतात. धोंडा सरळ वर भिरकावला तर तो थोडा वर जातो, क्षणभर थबकतो आणि खाली येतो. पहिल्या प्रकारचा प्रवास हा असा. यान ८० ते १०० किलोमीटर उंच जाते, प्रवाशाला तीनचार मिनिटे वजनरहित अवस्था अनुभवता येते, आणि स्वारी परत जमिनीवर! १०० किलोमीटर म्हणजे किती? पुण्याहून साताऱ्यापर्यंतही पुरते नाही. दुसरा प्रकार गोफणीसारखा. गोफणीतला धोंडा गरगर फिरतो, कारण दोरी त्याला आत ओढून धरते. अवकाशात हे काम पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण करते. पण असे फिरत राहायला ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेग लागतो. पहिल्या प्रवासात तो ताशी साडेतीन हजारांच्या आसपास असतो. वेग आठपट झाला की ऊर्जा आठ गुणिले आठ, म्हणजे चौसष्टपट लागते. शिवाय परत येताना ही सारी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जिरवावी लागते. दोन तिकिटांच्या किमतींत जमीन-अस्मानाचा फरक का, हे आता ध्यानात येईल.

दुसऱ्या प्रकारचे तिकीट स्वतःच्या खिशातून पहिल्यांदा काढले डेनिस टिटो या अमेरिकन गृहस्थाने. २००१ च्या एप्रिलमध्ये सुमारे दोन कोटी डॉलर मोजून ते रशियन यानातून अवकाशस्थानकावर गेले. २००९ पर्यंत असे सात प्रवासी जाऊन आले. मग अमेरिकेची शटल याने २०११ मध्ये निवृत्त झाली, रशियन यानातल्या जागा अंतराळवीरांनाच पुरेनात, आणि खिडकी बंद झाली.

पहिल्या प्रकारात २००४ साली ‘स्पेसशिपवन’ हे खाजगी यान १०० किलोमीटरपलीकडे जाऊन आले. आता दोनचार वर्षांत रांगा लागणार, असे सर्वांना वाटले. घडले निराळेच. २००७ साली मोजावे येथे इंजिनाच्या चाचणीत स्फोट होऊन तीन कामगार दगावले. ३१ ऑक्टोबर २०१४ रोजी व्हर्जिन गॅलॅक्टिक कंपनीचे यान आकाशातच मोडले. सहवैमानिकाने शेपटीची कडी काही सेकंद आधी काढली, एवढेच निमित्त; त्यात त्याचा अंत झाला. चौकशीत आढळले की, एका माणसाच्या एका चुकीने सारे यान मोडू शकेल, ही शक्यता यान रचणाऱ्यांनी नीट विचारातच घेतली नव्हती. पुढे वेळेआधी कडी निघूच नये अशी योजना करण्यात आली. तरी पैसे भरलेल्या प्रवाशांच्या नियमित खेपा सुरू व्हायला २०२३ उजाडले.

ब्लू ओरिजिन या दुसऱ्या कंपनीचा अग्निबाण २०२२ च्या सप्टेंबरात मध्येच बिघडला. सुदैवाने आत माणूस नव्हता, आणि संकटकाळी सुटून जाणारी कुपी ठरल्याप्रमाणे सुटून सुखरूप उतरली. तरीही त्यानंतर माणसे घेऊन उडायला कंपनीला वीस महिने लागले. २०२४ च्या मे महिन्यातल्या त्या खेपेत विजयवाड्यात जन्मलेले गोपी थोटाकुरा होते.

आता तुम्ही विचाराल, या यानांची तपासणी कोण करतो? आपल्याकडे प्रवासी गाडीचे पासिंग झाले नाही, तर ती रस्त्यावर आणता येत नाही. तिथे तसे नाही, बरं का! अमेरिकेच्या २००४ च्या कायद्याप्रमाणे जमिनीवरच्या लोकांना इजा होऊ नये हे सरकार पाहते. पण आत बसणाऱ्याने धोका लेखी समजून घ्यायचा आणि सही करून आपल्या जबाबदारीवर जायचे. प्रवाशांच्या सुरक्षिततेचे नियम करण्यावर घातलेली बंदी वेळोवेळी लांबवत जानेवारी २०२८ पर्यंत नेली आहे. नवा धंदा नियमांनी गुदमरू नये, हा त्यामागचा हेतू. हौशी धनिकाने सही केली, तर तो त्याचा प्रश्न. पण जनतेच्या पैशाने आपला माणूस जातो, तेव्हा नुसत्या सहीवर कसे भागेल?

म्हणूनच शुक्लांच्या उड्डाणाला झालेला उशीर मला महत्त्वाचा वाटतो. २९ मे ही तारीख होती. ती पुनःपुन्हा पुढे गेली. अग्निबाणात द्रवरूप प्राणवायूची गळती आढळली. ‘इस्रो’चे आणि कंपन्यांचे तज्ज्ञ एकत्र बसले, आणि गळती दुरुस्त करून फेरचाचणी झाल्यावाचून उड्डाण नाही, असे ठरले. पाठोपाठ अवकाशस्थानकाच्या रशियन भागातली गळतीही तपासावी लागली. अखेर २५ जूनला यान उडाले आणि १५ जुलैला शुक्ला सुखरूप परतले. मधल्या काळात त्यांनी मेथी आणि मूग यांना मोड आणण्याचा धारवाडच्या संशोधकांचा प्रयोगही केला.

उड्डाण लांबले की लोक म्हणतात, फसले. शिक्षक बंधुभगिनींनी मुलांना यातला फरक समजावून द्यावा. गळती दिसली म्हणून थांबणे ही पीछेहाट नव्हे. दिसूनही उडणे, ही खरी पीछेहाट. पुढच्या वेळी कोणी अवकाशात गेल्याची बातमी ऐकाल, तेव्हा तीन प्रश्न जरूर विचारा: प्रवास धोंड्याचा की गोफणीचा? यान तपासले कोणी? आणि शंका आली तेव्हा ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार कोणाकडे होता?