पाण्याच्या खुणेने जाणारा रस्ता

'कारवाँ' हा शब्द मी माझ्या कवितांत अनेकदा वापरला आहे. फारसीतून उर्दूत आणि उर्दूतून आपल्याकडे आलेला हा शब्द. तो उच्चारला की उंटांची रांग दिसू लागते, त्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजू लागतात. खरे सांगायचे तर मी कारवाँ कधी पाहिला नव्हता. सोलापुरात लहानपणी उंट पाहिला तो सर्कशीच्या तंबूबाहेर.

काही वर्षांपूर्वी ऑगस्ट महिन्यात मी आणि माझी पत्नी ऑस्ट्रेलियात, ॲडलेडला भाच्याकडे गेलो. त्याच्या अंगणात चाके लावलेली एक पांढरीशुभ्र खोली उभी होती. भाचा म्हणाला, "मामू, हा आपला कारवाँ. तीन आठवडे ह्यातच राहायचंय."

इंग्रजीतला 'कॅरॅव्हॅन' हा तोच शब्द. पण तिकडे त्याचा अर्थ मोटारीच्या मागे जोडून ओढायचे घर. आत दोन शेगड्या, लहानसा फ्रिज, दिवसा बाक आणि रात्री पलंग होणारी बैठक, छपरावर विजेसाठी सौरपत्रे. निवृत्त झालेले नवरा-बायको असे घर घेऊन महिनोन् महिने देशभर हिंडतात. त्यांना तिकडे 'ग्रे नोमॅड' म्हणतात, म्हणजे पांढऱ्या केसांचे भटके. जून ते ऑगस्ट हा तिकडचा हिवाळा. आत रानात, ज्याला ते 'आउटबॅक' म्हणतात तिकडे जायचे ते याच दिवसांत. उन्हाळ्यात तिथला पारा पंचेचाळीसच्या वर जातो.

निघण्याआधी दोन दिवस सामान लावण्यातच गेले. मला वाटले होते, ट्रंका आत टाकल्या की झाले. तसे नसते. कॅरॅव्हॅनच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा पुढच्या जोडावर पडला पाहिजे. मागे भार जास्त झाला तर वेगात असताना ती सापासारखी वळवळू लागते आणि मोटारीलाही उलटवू शकते. म्हणून जड वस्तू तळाशी, चाकांच्या आसपास ठेवायच्या. दोन स्टेपन्या, टायरमध्ये हवा भरायचा पंप, औषधांची पेटी, उपग्रहावर चालणारा फोन, कारण मोबाइलला तिकडे शेकडो किलोमीटर रेंज नसते.

आणि पाणी. गाडीच्या पोटाखाली दोन टाक्या, प्रत्येकी ऐंशी लिटरची. शिवाय वीस-वीस लिटरचे दोन कॅन, त्यांना हात लावायचा नाही. माणशी रोज चार-पाच लिटर नुसते प्यायला धरायचे. भांडी, आंघोळ यांचा हिशोब वेगळा. मी मनात म्हटले, आम्ही टँकरच्या रांगेत वाढलेली माणसे, पाणी जपून वापरणे आम्हाला काय शिकवता? पुढे हा तोरा उतरला, ते सांगतोच.

ॲडलेडपासून तीनशे किलोमीटरवर पोर्ट ऑगस्टा हे गाव आहे. तिथून दोन वाटा फुटतात. एक पश्चिमेला समुद्राच्या कडेने जाते, दुसरी उत्तरेला वाळवंटात शिरते. आम्ही आधी समुद्राकडे वळलो.

हा आयर महामार्ग. १६००हून अधिक किलोमीटर लांब, नलरबॉर नावाच्या पठारावरून जाणारा. नलरबॉर म्हणजे लॅटिनमध्ये 'एकही झाड नाही'. सुमारे दोन लाख चौरस किलोमीटरचा हा चुनखडीचा पाट. पाऊस पडला तरी पाणी दगडातून थेट खाली जाते, म्हणून ना नदी, ना ओढा. पुढे या रस्त्यावर १४६ किलोमीटरचा एक तुकडा असा आहे की त्यात एकही वळण नाही. काही ठिकाणी डांबरावर पांढरे पट्टे रंगवलेले असतात. ती फ्लाइंग डॉक्टरांच्या विमानाची धावपट्टी. १९२८ साली सुरू झालेली ही सेवा दूरच्या आजाऱ्यांसाठी विमानाने डॉक्टर पाठवते. पण डॉक्टरांना निरोप कसा द्यायचा? वीज नाही, तार नाही. तेव्हा ॲडलेडच्या आल्फ्रेड ट्रेगर यांनी १९२९ मध्ये सायकलसारखे पायडल मारून चालणारा रेडिओ बनवला. रेडिओवरून तुमच्याशी बोलताना त्या पायडलची मला हटकून आठवण येते.

पठार जिथे संपते तिथे जमीन एकदम तुटते. सरळ कडा आणि खाली दक्षिण महासागर. 'हेड ऑफ बाइट' या जागी आम्ही लाकडी सज्जावर उभे राहिलो. खाली देवमाशाच्या माद्या पिलांना घेऊन संथ पोहत होत्या. अंटार्क्टिकाकडच्या थंड पाण्यातून त्या हिवाळ्यात इथे विण्यासाठी येतात. दूरवरून माहेरपणाला याव्यात तशा. माझी पत्नी तासभर तिथून हलली नाही.

याच किनाऱ्याने १८४१ मध्ये एडवर्ड जॉन आयर चालत गेला. महामार्गाला त्याचेच नाव आहे. तो वाचला कसा? पानांवर पडलेले दव स्पंजने टिपून त्याने प्यायले. आणि किनाऱ्यावरच्या पांढऱ्या वाळूच्या टेकड्यांमागे खणले की गोडे पाणी लागते, हे त्याला तिथल्या आदिवासींनी दाखवले. महासागर समोर पसरलेला, त्यातला थेंब पिता येत नाही; पिण्याचे पाणी वाळूखाली, आणि ते ठाऊक फक्त त्या भूमीच्या माणसांना. महामार्गावरच्या रोडहाउसमध्ये आजही पेट्रोल मिळते, पण टाकी भरायला पाणी मिळेलच असे नाही.

परत पोर्ट ऑगस्टाला आलो आणि उत्तरेची वाट धरली. इथे मला खरा कारवाँ भेटला, इतिहासात.

ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात घोडा आणि बैल टिकेनात, तेव्हा इंग्रजांना उंट सुचला. १८६० मध्ये बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी कराचीहून चोवीस उंट मेलबर्नला नेले. कराची तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यातच होते. १८६६ मध्ये शंभरावर उंट आणि एकतीस उंटवाले पोर्ट ऑगस्टाला उतरले. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत असे दोन हजारांहून अधिक उंटवाले गेले. कोणी पठाण, कोणी बलुची, कोणी सिंधी, पंजाबी, राजस्थानी. गोऱ्यांनी सगळ्यांना एकच नाव दिले: 'अफगाण', तोडून 'घान'. एकेक उंट चार-पाचशे किलो ओझे वाही. तारेचे सामान, धान्य, लोकर, रेल्वेचे स्लीपर, सारे त्यांच्या पाठीवरून गेले. ॲडलेडची दगडी मशीद १८८८-८९ मध्ये याच लोकांनी वर्गणी काढून उभी केली. ती आजही आहे.

मारी हे त्यांचे मोठे ठाणे. पोर्ट ऑगस्टापासून सुमारे पावणेचारशे किलोमीटर. रेल्वेचे रूळ गावाच्या मधून जात. एका बाजूला गोऱ्यांची वस्ती, दुसऱ्या बाजूला उंटवाले आणि आदिवासी. आज तिथे जुन्या मातीच्या मशिदीची एक प्रतिकृती उभी आहे. चार भिंती, वर गवताचे छप्पर. या माणसांनी देशाचा मधला भाग जोडला, पण १९०१च्या कायद्यानंतर त्यांच्या बायका-मुलांना इथे आणणे दुरापास्त झाले, नागरिकत्व तर नाहीच. १९२०च्या दशकात मोटारट्रक आले. १९२५ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात मोकाट उंट मारण्याचा कायदा झाला. कित्येक उंटवाल्यांना आपल्या हाताने वाढवलेली जनावरे गोळीला द्यायचे जिवावर आले. त्यांनी ती रात्री रानात सोडून दिली. आज ऑस्ट्रेलियात जे रानटी उंट आहेत, ते त्यांचेच वंशज.

मारीपासून उडनाडाटा ट्रॅक सुरू होतो. मार्लापर्यंत सुमारे ६२० किलोमीटर, कच्चा. पावसाचा शिडकावा झाला की सरकार तो बंद करते आणि बंद रस्त्यावर गाडी घातली तर जबर दंड होतो. आम्हाला तो कोरडा मिळाला. कच्च्या रस्त्यावर आडव्या वळ्या पडलेल्या असतात, पन्हाळी पत्र्यासारख्या. टायरमधली हवा कमी करायची आणि हळू जायचे. तरी कपाटातले कपबशांचे सेट वाजत राहतात.

त्या दिवशी सकाळी निघताना मी कॅरॅव्हॅनमधल्या बेसिनवर वजू केली होती. नळ सुरूच ठेवला होता, घरच्यासारखा. भाचेसुनेने पाहिले, पण मोठ्या माणसाला कसे बोलायचे म्हणून गप्प राहिली.

दुपारी जेवायला थांबलो. भाचा गाडीखाली वाकला आणि तसाच बसून राहिला. उडालेल्या दगडाने पुढच्या टाकीची नळी कापली होती. टाकी कोरडी. मागच्या टाकीत निम्म्याहून कमी पाणी, आणि ते दोन कॅन. मागे मारी शंभर किलोमीटरच्या वर, पुढचे गाव विल्यम क्रीक त्याहून थोडे जवळ. भाच्याने कागदावर हिशोब मांडला. चौघे जण, ऐंशीच्या आत लिटर. "पाणी पुरेल मामू," तो म्हणाला, "गाडी चालत राहिली तर. बंद पडली, तर कोणी येईपर्यंत हेच पाणी आहे. आणि काही झालं तरी गाडी सोडून जायचं नाही." हा तिथला पहिला नियम. पाणी शोधायला चालत निघालेली माणसे दगावली आणि मोटार मात्र जागच्या जागी सापडली, असे तिथे घडलेले आहे.

पुढे जायचे ठरले. भांडी धुणे बंद, कागदाने पुसायची. मी सकाळचा तो वाहता नळ आठवून मनातल्या मनात शरमलो. नमाजाची वेळ झाली तेव्हा पाण्याला हात लावला नाही. पाणी पिण्यापुरतेच असेल तेव्हा स्वच्छ मातीवर हात टेकून तयम्मुम करावे, अशी आमच्या धर्मात मुभा आहे. साठी जवळ आली तरी तशी वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. तांबड्या मातीवर तळहात टेकले आणि वाटले, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथून जाणाऱ्या उंटवाल्यांनी याच मातीला हात लावला असेल.

थोडे पुढे गेल्यावर भाच्याने गाडी आडवाटेला वळवली. मैलोन् मैल सपाट, उजाड माळ. आणि मध्ये एक टेकाड. वर चढून पाहतो तर काठोकाठ भरलेले गोल तळे. शेजारच्या दुसऱ्या तळ्यात तळाची वाळू उकळल्यासारखी वर येत होती. याला 'बबलर' म्हणतात, पहिल्याला 'ब्लँश कप'.

हे पाणी येते कुठून? ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या डोंगरांत पडलेला पाऊस खडकांत मुरतो आणि जमिनीखालून पश्चिमेकडे सरकत राहतो. हा भूजलाचा साठा, ग्रेट आर्टेशियन बेसिन, सतरा लाख चौरस किलोमीटर पसरलेला आहे, देशाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त. त्यातले काही पाणी वीस लाख वर्षांपर्यंत जुने आहे. वरच्या खडकाच्या दाबाखाली ते कोंडलेले असते. जिथे फट मिळते तिथे आपोआप वर येते. त्यातले क्षार आणि वाऱ्याची वाळू साचून झऱ्याभोवती टेकाड तयार होते.

आता नकाशा पाहा. असे झरे एकापुढे एक, माळेसारखे आहेत. अरबाना आणि इतर आदिवासी हजारो वर्षे या झऱ्यांच्या वाटेने व्यापार करीत. त्यांच्या कथांत एकेका झऱ्याला स्थान आहे. १८५८ ते १८६२ या काळात जॉन मॅकडुअल स्टुअर्टच्या मोहिमा याच झऱ्यांच्या आधाराने झाल्या. त्याच्या मागे १८७२ची तार आली. उंटांचे काफिले आले. वाफेच्या इंजिनालाही पाणी लागते, म्हणून रेल्वेही झऱ्यांजवळूनच गेली. १९८०मध्ये ती बंद झाली. नव्या मार्गावरच्या गाडीला आजही 'द घान' म्हणतात. आणि आता आमच्यासारख्यांच्या मोटारी. रस्ता माणसाने आखला असे आपण म्हणतो. इथे तो पाण्याने आखला, माणसे त्याच्या मागून गेली.

पण तो साठाही अक्षय नाही. १८७८पासून गोऱ्या पशुपालकांनी बोअर पाडले आणि पाणी उघड्यावर वाहू दिले. दाब उतरला, काही झरे आटले. १९९९मध्ये सरकारने अशा बोअरना झडपा बसवण्याची मोठी योजना हाती घेतली. या भागातल्या खाणीसाठीही हेच पाणी उपसले जाते आणि अरबाना लोकांना त्याची काळजी वाटते. २०१२मध्ये न्यायालयाने या प्रदेशावरचा त्यांचा पारंपरिक हक्क मान्य केला. हे वाचताना मला आमच्याकडचे पाचशे-सहाशे फुटांवर गेलेले बोअर आठवत होते.

संध्याकाळी विल्यम क्रीकला पोचलो. चार घरांचे गाव, एक हॉटेल. नळी तिथेच दुरुस्त झाली. हॉटेलच्या बाईने पिण्याचे पाणी दिले, पण आधी विचारले, "किती माणसं, कुठवर जायचंय?" आमचा आकडा ऐकून तिने मोजूनच दिले. मला त्याचे वाईट वाटले नाही.

घरी परतून आता बरेच दिवस झाले. अजूनही मी वजूला बसताना तांब्या भरून घेतो आणि नळ बंद करतो. पत्नी हसते, पण हल्ली तीही तसेच करते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)